समोरचं वजन

पाळणा उभा करताना नवरा-बायकोनं भांडू नये म्हणतात. कोण म्हणतं देव जाणे. ज्यानं म्हटलं त्यानं आयुष्यात पाळणा उभा केलेला नसणार. नवरा वर खांबावर, बायको खाली दोराला, मधे लोखंडी कणा अधांतरी लोंबतोय आणि घामानं डोळे चुरचुरतायत. अशा वेळी भांडण नाही होणार तर काय गाणी सुचणार?

"जरा ओढ की!"

"ओढतेय! मला काय चार हात आहेत?"

"चार नसू देत, आहेत ते दोन तरी लाव!"

एरवी यावर बारक्या हमखास हसायचा. नाव बारक्या, पण आता बापापेक्षा वीतभर उंच झालेला, मिसरूड फुटून दाढीही आलेली. आई-बापांची ही जुगलबंदी म्हणजे त्याची दरवर्षीची करमणूक. यंदा तो दुसऱ्या दोराला मान खाली घालून उभा होता. आईनं दोनदा त्याच्याकडे बघितलं. ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही.

सुगी आटपली की नदीकाठच्या माळावर मेळा भरतो. चार गावांची माणसं लेकराबाळांसकट येतात. या घराचं वर्षाचं पोट त्या मेळ्यातल्या पाळण्यावर. पाळणेवाल्याचा उजवा खांदा एकदा निखळला तो निखळलाच, हात कानाच्या वर जात नाही, खांबावर चढतो तोही डाव्या हाताच्या जोरावर. त्यामुळे इंजिन आणि ब्रेकचा दांडा बायकोच्या ताब्यात, आणि फळीवर उभं राहून माणसं चढवणं-उतरवणं बारक्याच्या. पाळण्याचा कायदा एकच. एका बाजूला माणूस बसवला की समोरच्या पाळण्यात तेवढंच वजन पाहिजे. नाहीतर चाक एकीकडे झुकतं आणि ब्रेकला जुमानत नाही. बारक्या माणसाकडे नुसतं बघून वजन सांगायचा. "काकू, तुमच्यासमोर हे दोघं बसतील," असं तो म्हणाला की त्या काकू चिडायच्या आणि रांग हसायची.

गेल्या वर्षी याच रांगेत राडा झाला होता. कारण काय, तर धक्का. वीटभट्टीवरच्या पोरांपैकी एकाचा गावातल्या पोराला धक्का लागला. "डोळे फुटले का?" "तुझे फोडू का?" इतकंच. भट्टीवरच्या पोरांचा म्होरक्या होता, त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, दोन बोटं तोंडात घालून कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारायचा म्हणून. त्यानं शिट्टी मारली आणि कुठून कुठून पोरं धावत आली. पट्टे निघाले, अर्ध्या विटा उडाल्या. एका बाईच्या कडेवरचं मूल गर्दीत खाली पडलं, नशीब म्हणून वाचलं. बारक्याचा जिवलग दोस्त ढब्बू, त्याचा डावा डोळा गेला. वीट कोणी मारली ते आजवर कोणाला ठाऊक नाही, पण शिट्टीनं मारली हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

आणि ढब्बूच्या रक्तानं माखलेला शर्ट घालून बारक्या उभा असताना बापानं त्याच्या मुस्काटात दिली होती. भर मेळ्यात, सगळ्यांदेखत. "धंद्याच्या जागी तमाशे करतोस?" म्हणून. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत तेवढं कामापुरतंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर दोन्ही सुंभ शाबूत होते.

यंदा मेळ्याच्या पंचांनी सगळ्या दुकानदारांना बोलावून बजावलं होतं, "एक दगड जरी उडाला ना, तरी मेळा बंद. यंदाचाच नव्हे, कायमचा." फाटकावर शिपाई बसवले होते. ते पोरांचे पट्टे काढून घेत होते, खिसे चाचपत होते. कामकरी मात्र मागच्या फाटकानं यायचे. त्यांच्या हातात हातोडे, पहारी, पाने. त्यांना कोण तपासणार आणि काय म्हणून?

पाळणा उभा राहिला. दुपारी नट पुन्हा आवळायचे असतात. उन्हानं लाकूड आकसतं, माती बसते, सकाळी घट्ट वाटलेलं दुपारी ढिलं होतं. बारक्याच्या आईनं पान्यांची कापडी गुंडाळी उलगडली. प्रत्येक पान्याला आपापला कप्पा, लहानापासून मोठ्यापर्यंत. शेवटचा कप्पा रिकामा होता. मोठा पाना, हातभर लांब, नेम धरून मारला तर बैल बसेल असा.

तिनं इंजिनाखाली बघितलं, पोत्यांत बघितलं. मग बारक्याकडे बघितलं. त्यानं बापाचा जुना कोट चढवला होता. ऊन मी म्हणत होतं आणि हा कोट घालून फळीची साखळी उचलत होता. उचलतानाही डाव्या अंगानं वाकत होता. उजवं अंग काठी बांधल्यासारखं ताठ.

"बारक्या, मोठा पाना बघितलास का रे?"

"असेल तिथंच."

"तिथं नाहीये."

"मग बाबांना विचार."

"कोट काढ तो. उकडून मरशील."

"राहू दे गं. थंडी वाजतेय मला."

"थंडी?" तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवायला उचलला, तर तो मागं सरला. कपाळावरनं घामाची धार लागली होती. पुढं काय बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवऱ्याला सांगावं तर दुसरी थोबाडीत ठरलेली, आणि या वेळी पोरगा परत घरी येईल याचा भरवसा नाही. शिपायाला सांगावं तर पोराच्या कमरेला दोर.

ती पंपवाल्याकडे गेली. मेळ्याला पाणी पुरवणारा पंप त्याचा, त्याच्याकडं पाइप धरायचा जाडजूड पाना होता.

"काय वहिनी, आमचा पाना? तुमच्या मालकाचा गंजला की काय?"

"हरवलाय. लवकर देते परत."

"द्या सावकाश. फक्त नवरा आवळू नका त्यानं."

ती हसली, कारण हसायला हवं होतं. मग एकटीनं तिनं एकेक पाळणा खाली आणला आणि एकेक नट आवळला. तो पाना या नटांसाठी नव्हता. निसटायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा अंगाचं सगळं वजन टाकायचं. शेवटच्या पाळण्यापाशी तळहाताचं साल निघालं. तिनं पदराची चिंधी गुंडाळली आणि पाना परत देऊन आली. नवऱ्यानं विचारलं, "आवळले?" ती म्हणाली, "आवळले." कोणत्या पान्यानं ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळच्या आधी तिघं तंबूत जेवायला बसली. बापानं भाकरी मोडता मोडता भिंतीशी बोलावं तसं म्हटलं, "भट्टीवरची पोरं आलीत म्हणे. कोणी लक्ष द्यायचं नाही. आपण बरं, आपलं काम बरं."

बारक्याचा घास थांबला. "ढब्बूला सांगा ते. तो एका डोळ्यानं लक्ष देत नाही, दुसऱ्यानं पण देणार नाही."

"तोंड वर करून बोलतोस?"

"अहो, जेवा," बाई म्हणाली. "तू पण जेव."

तो उठून गेला. पान अर्धं तसंच राहिलं.

दिवे लागले आणि माणसांचा पूर आला. खांद्यावर लेकरं, हातात फुगे, म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून. पाळण्यापाशी रांग फाटकापर्यंत गेली. बाई ब्रेकच्या दांड्याशी उभी होती. इंजिनाची धग मांड्यांना लागत होती. चाक फिरतंय तोवर दांडा सोडता येत नाही. सोडता आला असता तर तिनं पहिलं बारक्याला हाताला धरून तंबूत नेलं असतं.

फुगे फोडायच्या दुकानामागं ढब्बू उभा होता, बरोबर दोघं. दर थोड्या वेळानं बारक्याची मान तिकडं वळत होती.

आणि मग गर्दीतून शिट्टी आली. लांब, टोकदार. बाईची मान गर्रकन् वळली. शिट्टी रांगेत होता. भट्टीवरची दोन पोरं सोबत, पण त्याच्या हाताला एक चिमुरडी लोंबत होती, नवा फ्रॉक, एक वेणी सुटलेली. त्यानं शिट्टी मारली ती तिला हसवायला. ती खिदळत होती आणि "परत, दादा, परत!" म्हणत होती.

रांग सरकत सरकत ते फळीपाशी आले. बारक्या आणि शिट्टी समोरासमोर. दोघांच्या मधे हातभर अंतर आणि ती पोर.

"दोघं," शिट्टी म्हणाला.

बारक्यानं पाळणा धरला. त्याची बोटं पांढरी पडली होती. "बसा," एवढंच म्हणाला. समोरच्या पाळण्यात त्यानं एका बाईला दोन पोरांसह बसवलं. वजन बरोबर साधलं होतं. हात चुकत नाही, डोकं चुकतं माणसाचं.

चाक फिरायला लागलं आणि बारक्या फळीवरनं उतरला.

"कुठं निघालास?"

"आलोच."

"बारक्या!"

"आलोच म्हटलं ना!"

पाळण्यातून उतरलेली माणसं जनरेटरच्या बाजूच्या बोळातून बाहेर पडत. तिथं दिवा नव्हता आणि जनरेटरच्या घरघरीत ओरडलेलंही ऐकू गेलं नसतं. बारक्या त्या बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. फुग्याच्या दुकानामागून ढब्बू आणि ते दोघं तिकडंच सरकले. भट्टीवरची दोन पोरंही चुळबुळायला लागली, त्यांनाही काही दिसलं असावं. दांड्यापाशी बाई डोळ्यांनी पटापट हिशेब करत होती. चाक थांबणार, शिट्टी उतरणार, त्या चिमुरडीचं बोट धरून बोळात शिरणार. पुढचं बघायला डोळे लागत नव्हते. गेल्या वर्षी वीट कोणी मारली ते कळलं नव्हतं. या वेळी सगळ्यांना कळणार होतं.

नवऱ्यानं पलीकडून खूण केली, झालं, उतरव.

तिनं शिट्टीचा पाळणा वर जाऊ दिला, कण्याच्याही वर, आणि दांड्यावर सगळा भार टाकला. ब्रेकचा ठोकळा कर्रकन् वाजला. चाक थांबलं.

"नट ढिला आहे!" ती ओरडली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वरच्या पाळण्याचा नट ढिला आहे! कोणी हलू नका!"

नट घट्ट होता. तिनंच दुपारी आवळला होता, तळहाताची साक्ष होती. पण पाळणेवाल्यानं भर मेळ्यात स्वतःच्या तोंडानं नट ढिला आहे म्हणणं म्हणजे वाण्यानं आपल्या पिठात उंदीर मेलाय असं दुकानाच्या पायरीवर उभं राहून ओरडण्यासारखं. रांग मागं हटली. बाया लेकरांना ओढायला लागल्या. वरून कोणीतरी किंचाळलं.

नवरा धावत आला. "वेड लागलं का तुला? सगळे नट आवळलेत म्हणालीस ना?"

"आवाज आला मला. फिरवला तर निसटेल. चाक हलवायचं नाही, वरच आवळायला लागेल. मोठा पाना पाहिजे."

"कुठंय मोठा पाना?"

"बारक्याकडे." आणि मग छातीत होता तेवढा दम लावून तिनं हाक मारली, "बारक्या! मोठा पाना घेऊन ये! वर लेकरू आहे!"

सगळ्या माना बोळाकडं वळल्या. शिपाई वळले. भट्टीवरची पोरं वळली. बारक्या उभा होता तिथंच थिजला. ढब्बूनं त्याचा दंड धरला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण तोंडावरनं कळत होतं. पडू दे, म्हणत असेल. आयतं होतंय.

वरून त्या पोरीचा आवाज आला, बारीक, रडवेला. "दादा, आपण पडणार?"

बारक्यानं दंड सोडवून घेतला. शेकडो माणसांसमोर त्यानं कोटात हात घातला आणि तो हातभर पाना बाहेर काढला. बापानं तो पाना बघितला, कोट बघितला. त्याचं तोंड उघडलं ते मिटलंच नाही.

कोट खाली टाकून बारक्या चाकाच्या आऱ्यांवरून चढला. लहानपणापासूनची सवय, पाय आपोआप जागा शोधत होते. तो पाळण्यापाशी पोचला. शिट्टीनं बहिणीला छातीशी घट्ट धरलं होतं आणि त्याची नजर त्या पान्यावर होती. एक हात लांबवला तर दोघांनी एकमेकांना ढकललं असतं, इतकं अंतर.

बारक्यानं पाना नटाला लावला. जोर केला. नट तसूभरही हलला नाही. त्यानं पुन्हा जोर केला. मग तो थांबला आणि त्यानं खाली आईकडे बघितलं.

ती दांड्याला लटकून उभी होती. तिनं डोळे हटवले नाहीत.

"आवळ!" ती म्हणाली.

मग बारक्यानं पाना उगाच मागं-पुढं केला, एकदा, दोनदा, अंगाला झोका देत, आवळल्यासारखं.

"दादा, पडणार का?" पोरीनं आता त्यालाच विचारलं.

"नाही गं. दांडी घट्ट धर. काही होत नाही."

"झाला का?" खालून आईनं विचारलं.

"झाला."

"परत एकदा बघ. नीट बघ!"

तिनं त्याला तीनदा बघायला लावलं. तोवर अर्धा मेळा पाळण्याभोवती गोळा झाला होता. शिपायांनी कडं केलं, पंचांनी जनरेटरच्या बोळात कंदील लावून माणसं उभी केली. ढब्बू आणि ते दोघं कुठं गेले ते दिसलं नाही. तेव्हा कुठं तिनं ब्रेक सैल केला, चाक हळूच खाली आणलं. शिट्टी बहिणीला कडेवर घेऊन उतरला आणि मागं न बघता माणसांतून निघून गेला.

त्यानंतर पाळण्यात कोणी बसलं नाही. चाक दिव्यांसकट रिकामं उभं राहिलं.

नवरा इंजिनापाशी खोक्यावर बसला होता. "सगळी हयात गेली या धंद्यात," तो म्हणाला. "कोणी बोट दाखवलं नव्हतं. आणि तू, घरच्या माणसानं, आपल्या हातानं पोटावर धोंडा घातलास." ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलत होता.

ती उठून आत गेली. तंबूत बारक्या पान्यांची गुंडाळी उलगडून बसला होता. मोठा पाना त्यानं कप्प्यात सरकवला.

"आई, नट घट्ट होता."

"हळू बोल."

"तुला माहीत होतं."

"मला कोट पण माहीत होता."

"मग मला विचारायचंस ना!"

"विचारलं नव्हतं? थंडी वाजत होती ना तुला?" तिचा आवाज फुटला. "पंच म्हणतात, दगड उडाला तर मेळा बंद. होऊ दे की! पाळणा भंगारात जाऊ दे. मला आज घरी माझा पोरगा पाहिजे होता. बाकी काही नको होतं मला."

तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. तिथूनच म्हणाला, "ढब्बूला काय तोंड दाखवू?"

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तळहात झोंबला तरी काढला नाही. या वेळी तो मागं सरला नाही.

दुसऱ्या दिवशी मेळा भरला, पाळणा मात्र ओस. पोरं हट्ट करायची आणि आया ओढून न्यायच्या. "तो नको, त्याचे नट पडतात." फुगेवाला सुद्धा दुकान दोन हात पलीकडं सरकवून बसला. पाळणेवाला रिकामं चाक फिरवून दाखवत होता, आणि रिकामं चाक फिरताना बघण्याइतकं उदास दुसरं काही नसतं.

तेवढ्यात शिट्टी आला. एकटाच. बारक्या फळीवर ताठ झाला. शिपायानं काठी उचलली.

"काकू, एक तिकीट," शिट्टी म्हणाला.

"एकट्याला फिरवत नाही बाबा. समोर वजन लागतं."

"मग बसवा कोणाला तरी." आणि मग तो वळला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "काल मी डोळ्यांनी बघितलंय. हा गडी लोंबकळला तरी नट हलत नव्हता. ढिला-बिला काही नव्हता."

नवऱ्यानं चमकून बायकोकडे बघितलं. माणसं कुजबुजली. "मग बाई कशाला ओरडली?"

"कान वाजले असतील माझे," ती म्हणाली. "वय झालं आता."

लोक हसले. "पाळणेवाल्या, बायकोच्या कानात तेल घाल!" कोणीतरी म्हणालं, आणि आणखी हसले. तिनं त्यांना हसू दिलं.

शिट्टी पाळण्यात बसला. समोरचा पाळणा रिकामा. कोणी पुढं येईना. बारक्यानं शिट्टीकडे बघितलं, अंदाज घेतला, सवयीनं. त्याच्याच वजनाचा होता. तो फळीवरनं उतरला आणि समोरच्या पाळण्यात जाऊन बसला.

तिनं ब्रेक सोडला. एक वर गेला की दुसरा खाली यायचा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. तिसऱ्या फेरीला वरनं कानठळ्या बसवणारी शिट्टी आली, शिपाई ताडकन् उभा राहिला आणि मग आपल्याशीच ओशाळून खाली बसला. रांगेच्या जागी एक बाई लेकराला घेऊन उभी राहिली, तिच्यामागं दुसरी.

फुग्याच्या दुकानापाशी ढब्बू उभा होता. मान तिरपी करून, उजव्या डोळ्यानं, तो फिरणारं चाक बघत होता. मग वळला आणि चालता झाला. उद्या त्याच्या घरी जायचं, तिनं ठरवलं, बारक्याला घेऊन. दार उघडतील न उघडतील.

नवरा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "नट घट्ट होता?"

"होता."

मग त्यानं तिचा हात दांड्यावरनं उचलला, चिंधी बाजूला करून तळहात बघितला, आणि आपला चांगला हात दांड्यावर ठेवला.

"रांग लागलीय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "उतरवू का त्यांना?"

"लागू दे," ती म्हणाली. "अजून थोडं फिरू दे."